फोकस बसत नाही, फ्लॅशने चेहरे जळतात: सोलापुरात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या काउंटरवर बॅगा उघडायला लागतात, आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "सर, ऑटोफोकस गेलाय." बहुतेक वेळा दहा मिनिटांत बॅग बंद होते, कारण गेलेलं काहीच नसतं. मी लग्नाचे फोटो काढतो आणि भावाबरोबर कॅमेरे भाड्यानं देतो. त्यामुळे हे प्रश्न दोन्ही बाजूंनी ऐकलेत, आणि त्यातल्या बऱ्याच चुका आधी स्वतः केल्यात.

फोटो ब्लर येतोय. फोकसच गेलाय हे कसं ओळखायचं?

आधी फोटो स्क्रीनवर पूर्ण झूम करून बघा. नवरीचा चेहरा मऊ आणि मागच्या मावशींच्या पदराची जर कडक दिसत असेल, तर फोकस लागलाय, फक्त चुकीच्या जागी. सगळ्या दिव्यांच्या एकाच दिशेला शेपट्या निघाल्या असतील तर हात हललाय. मांडवाचा खांब शार्प आणि नाचणारा पोरगा पुसट असेल तर पोरगा हललाय. या दोन्हींत फोकसचा दोष नाही, शटरचा वेग कमी पडलाय. कॅनन १५००डी किंवा निकॉन डी३५०० सारख्या छोट्या सेन्सरच्या बॉडीवर ५० एमएमची लेन्स असेल तर १/८० सेकंदाच्या खाली हातात धरू नका. नाचणाऱ्यांसाठी १/२५० पासून पुढे जा. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमचा हात सांभाळतं, वरातीतल्या मामांना नाही.

कुठेच काही शार्प नाही आणि दिव्यांभोवती धुकं दिसतंय? लेन्सची काच बघा. बोटाचा तेलकट ठसा असतो, नाहीतर शंभर रुपयांचा यूव्ही फिल्टर.

अर्धं बटण दाबलं तरी काहीच होत नाही. लेन्सचा आवाजसुद्धा येत नाही.

लेन्सवरचा ए (ऑटो) आणि एमचा (हातानं फोकस) खटका बघा, तो एवर हवा. हसू नका, बॅगेत घासून तो सरकतो. निकॉनच्या एएफ-पी १८-५५ वर खटकाच नाही, तिथे ही सेटिंग बॉडीच्या मेनूत असते.

खटका बरोबर असेल तर लेन्स काढून सोनेरी पिना बघा. आपल्याकडची धूळ आणि घाम यांची त्यावर साय धरते. सुती नसलेल्या, धागे न सोडणाऱ्या कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब घ्या आणि हलक्या हातानं पुसा. खोडरबर घासू नका, त्याचा चुरा आत जातो. तोंडानं फुंकूही नका.

तिसरं कारण जुन्या बाजारातलं. निकॉन डी३५०० किंवा डी५६०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही. ५० एमएम एफ १.८ डी स्वस्तात मिळाली म्हणून घेतली, तर ती या बॉडीवर हातानंच फिरवायची. डी७२०० वर तीच लेन्स फोकस करते. उलटा घोळही होतो: डी३२०० किंवा डी५१०० वर एएफ-पी लेन्स चढते, पण ऑटोफोकस चालत नाही. या दोन्हींत ना लेन्स बिघडलीय ना बॉडी. फसवणूकही नाही, फक्त विकणाऱ्यानं विचारलं नाही आणि घेणाऱ्यानं सांगितलं नाही.

लेन्स पुढे-मागे, पुढे-मागे करत राहते आणि शेवटी दमून थांबते.

याला हंटिंग म्हणतात. कॅमेऱ्याला वस्तू कळत नाही, त्याला उजेड आणि सावलीची कड कळते. कोऱ्या भिंतीवर, नुसत्या आभाळावर, काळ्या कोटाच्या पाठीवर पकडायला कडच नसते. तिथे फोकसचा चौकोन कॉलरच्या काठावर, बटणावर, डोळ्यावर न्या.

फार जवळ गेलात तरी हेच होतं. कॅननच्या ५० एमएम एफ १.८ एसटीएमला किमान ३५ सेंटीमीटर अंतर लागतं, आणि ते लेन्सच्या टोकापासून नाही, सेन्सरपासून मोजायचं. अंगठीचा फोटो काढताना अर्धे लोक इथेच अडकतात.

अंधारात कॅमेऱ्याचा मदतीचा दिवा लागतो, पण बहुतेक बॉडींत तो सिंगल, म्हणजे एकदा लागून थांबणाऱ्या, फोकसलाच लागतो. सतत पाठलाग करणाऱ्या फोकसला, म्हणजे एएफ-सी किंवा सर्व्होला, तो गप्प राहतो. फ्लॅशवरचा लाल जाळीचा दिवाही मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर, सहसा उपयोगाचा नाही. मी सरळ हातातल्या मोबाईलची टॉर्च क्षणभर चेहऱ्यावर मारतो, फोकस लॉक करतो आणि टॉर्च बंद करतो.

चादरी आणि टॉवेलचे फोटो काढतो. चादरीवर फोकस कधी लागतो, कधी नाही.

हा प्रश्न अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून येतो आणि मला फार आवडतो.

कॅनन १५००डी घ्या. फोकसचे ९ पॉइंट आहेत, त्यांतला फक्त मधला आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही रेघा ओळखतो. निकॉन डी३५०० चे ११ आहेत, तिथेही फक्त मधलाच. बाकीचे एकाच दिशेच्या रेघा बघतात. आता सोलापुरी चादर दोरीवर टांगा. काठाचे पट्टे सरळ एका दिशेला जातात. तुम्ही कडेचा पॉइंट नेमका त्या पट्ट्यांवर ठेवलात आणि पॉइंटची दिशा जुळली नाही, तर त्याच्या लेखी तिथे काहीच नाही.

उपाय फुकटचा आहे. कॅमेरा ४५ अंशात तिरका करा, फोकस लॉक करा, बटण न सोडता कॅमेरा सरळ करा आणि दाबा. नाहीतर मधला पॉइंट जॅकार्डच्या नक्षीवर ठेवा, मोर किंवा फूल जिथे विणलंय तिथे. किंवा ट्रायपॉडवर लावा आणि लाइव्ह व्ह्यूवर, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघत, झूम करून फोकस करा. चादर काही पळून जात नाही.

पांढरा टेरी टॉवेल राखाडी येतो ही त्याच लोकांची दुसरी तक्रार. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला सगळं जग मध्यम राखाडी वाटतं. पांढरं समोर आलं की तो उजेड कमी करतो. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन +१ करा. टॉवेलचे फंदे दाखवायचे असतील तर फ्लॅश समोरून मारू नका. कडेनं मारा, म्हणजे प्रत्येक फंद्याची सावली पडते आणि कापड हाताला लागल्यासारखं दिसतं.

अंतरपाट दूर होतो त्या क्षणी फोकस चुकतो.

माझाही चुकला होता. विजापूर रोडवरचं एक कार्यालय, मंगलाष्टकं संपत आलेली. मी कॅमेरा सर्व्होवर ठेवलेला, सगळे पॉइंट चालू. "शुभमंगल सावधान" झालं, अंतरपाट खाली गेला, दोनशे हात एकदम उडाले. घरी येऊन बघतो तर हवेतला तांदळाचा दाणा न् दाणा शार्प, केशरी रंगसुद्धा दिसतोय, आणि मागे नवरा-नवरी पाण्यात बघितल्यासारखे. कॅमेऱ्यानं त्याचं काम चोख केलं होतं. सगळे पॉइंट चालू असले की तो सहसा सगळ्यांत जवळची गोष्ट धरतो. आधी अंतरपाट जवळ होता, मग अक्षता.

तेव्हापासून पद्धत बदलली. शेवटच्या अष्टकाला एकच पॉइंट, सिंगल फोकस. अंतरपाटाच्या वरून नवऱ्याचा फेटा किंवा कपाळ दिसतं, तिथे फोकस घ्यायचा आणि लेन्सचा खटका एमवर टाकायचा. वधूवर जागचे हलणार नसतात. ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं तोंड, जरा बंद करून एफ ४ किंवा ५.६ वर, म्हणजे थोडं पुढे-मागे चालतं. हार घालून झाले की खटका परत एवर. हे विसरलात तर पुढचा तासभर या पानावरचा दुसरा प्रश्न तुम्हाला पडेल.

रोजचं काम असेल तर फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या अंगठ्याच्या बटणावर घ्या. दोन दिवस बोटं चुकतात, मग सवय होते.

मिररलेसला डोळा पकडतो म्हणतात, पण नवरीच्या मुंडावळ्या पकडतो.

मोत्यांच्या सरी डोळ्यांसमोर हलत असतात आणि त्यांवर दिवे चमकतात. कॅमेऱ्याला ती कड जास्त ठसठशीत वाटते. एफ १.८ वर हट्ट धरू नका, २.८ किंवा ४ वर या. जमत असेल तर करवलीला सांगून सरी बाजूला करा. सगळ्यांत चांगला उपाय करवली.

फोकसचा चौकोन डोळ्यावर होता, तरी कान शार्प आणि डोळा मऊ.

आधी अंतर बघा. छोट्या सेन्सरवर ५० एमएम, एफ १.८, एक मीटरवरून काढलात तर शार्प पट्टी जेमतेम ३ सेंटीमीटर असते. डोळ्यावर फोकस धरून नंतर फ्रेम हलवली किंवा स्वतः जरा पुढे झुकलात, की पट्टी सरकली. २ मीटरवर तीच साधारण ११ सेंटीमीटर होते.

तरी शंका असेल तर घरी परीक्षा घ्या. टेबलावर मोजपट्टी लांबवर ठेवा आणि दर ५ सेंटीमीटरला एक शेंगदाणा मांडा, सोलापुरात तो प्रत्येक घरात सापडतो. मधल्या दाण्यावर काळ्या पेनानं रेघ मारा. कॅमेरा ट्रायपॉडवर, तिरका, लेन्स पूर्ण उघडी (सगळ्यांत छोटा एफ आकडा), मधला पॉइंट त्या रेघेवर. दर वेळी फोकस मोडून नव्यानं घेत दहा फोटो काढा. दहाच्या दहा वेळा मागचा दाणा शार्प आला तर बॅक फोकस आहे. कधी पुढे, कधी मागे येत असेल तर दोष उजेडाचा किंवा तुमच्या हाताचा.

आता हेच लाइव्ह व्ह्यूवर करा. तिथे फोकस थेट सेन्सरवरूनच होतो. तिथे बरोबर आणि व्ह्यूफाइंडरमधून चूक, म्हणजे डीएसएलआरच्या आतला फोकसचा वेगळा सेन्सर आणि लेन्स यांचं जुळत नाही. निकॉन डी७२००, डी७५०० किंवा कॅनन ८०डीच्या मेनूत हे स्वतः जुळवता येतं. १५००डी, डी५६०० मध्ये ती सोय नाही, बॉडी आणि लेन्स दोन्ही घेऊन सर्व्हिसला जावं लागतं.

नान्नजला काळवीट काढले. चांगली ४०० ची लेन्स, तरी सगळे फोटो लोण्यासारखे.

किती वाजता काढले? अकरानंतर माळ तापतो आणि जमिनीवरची हवा थरथरते. ती थरथर ४०० एमएममधून मोठी होऊन दिसते. त्यावर कुठल्याच कॅमेऱ्याचा फोकस चालत नाही. सूर्योदयाला जा, आणि लांबून ओढण्यापेक्षा जवळ येण्याची वाट बघा.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत शोभेच्या दारूकामाला फोकस कसा करायचा?

करूच नका. होम मैदानापलीकडच्या एखाद्या लांबच्या दिव्यावर लाइव्ह व्ह्यू झूम करून एकदा फोकस घ्या, एमवर टाका आणि रिंगला हात लावू नका. रिंग शेवटपर्यंत फिरवली म्हणजे अनंत झालं असं नाही, बऱ्याच लेन्स त्याच्याही पुढे जातात. ट्रायपॉड, आयएसओ (सेन्सरची उजेड पकडण्याची ताकद) १००, एफ ८ ते ११, दोन ते चार सेकंद. फ्लॅश बंद, तो पुढच्या माणसाची टोपी उजळण्यापलीकडे काही करत नाही.

फ्लॅश मारला की चेहरे पांढरेफटक आणि मागचं सगळं काळंकुट्ट.

या एका तक्रारीत दोन वेगवेगळे दोष आहेत.

चेहरा जळण्याचं पहिलं कारण: फ्लॅश टीटीएलवर, म्हणजे कॅमेरा स्वतः मोजून ताकद ठरवतो त्या मोडवर नाही, एमवर, म्हणजे हातानं ठरवलेल्या पूर्ण ताकदीला अडकलाय. आधी फ्लॅशची स्क्रीन बघा. दुसरं: टीटीएल आहे, पण फ्रेममध्ये चेहरा छोटा आणि भोवती अंधार. खरा फ्लॅश पेटण्याआधी कॅमेरा एक बारीक चमक मारून परत आलेला उजेड मोजतो. अंधारातून काही परत येत नाही, म्हणून तो ताकद वाढवतो आणि ती सगळी चेहऱ्यावर बसते. फ्लॅश कॉम्पेन्सेशन −१ करा. हे साध्या एक्सपोजर कॉम्पेन्सेशनपेक्षा वेगळं बटण आहे, त्याच्या चिन्हात वीज असते.

मागचं काळं पडतं कारण तिथपर्यंत फ्लॅश पोचतच नाही. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो. मागचा मांडव उजळायचं काम शटर आणि आयएसओचं. कॅमेऱ्याचा एम मोड, १/८०, एफ ४, आयएसओ ८०० पासून सुरुवात करा. फ्लॅश टीटीएलवर राहू द्या, तो चेहरा सांभाळतो. कॅननच्या एव्ही मोडवर, जिथे ॲपर्चर तुम्ही ठरवता आणि शटर कॅमेरा, हेच करायला गेलात तर कॅमेरा शटर फार खाली नेतो आणि फोटो शेक होतो.

फ्लॅश किती पोचेल याचं गणित सोपं आहे. बॉडीवरच्या छोट्या फ्लॅशचा गाइड नंबर, म्हणजे त्याची ताकद सांगणारा आकडा, १२ धरला तर त्याला ॲपर्चरनं भागा. एफ ५.६ ला आयएसओ १०० वर जेमतेम २ मीटर. आयएसओ ४०० ला दुप्पट. स्टेजसमोर दहाव्या रांगेत बसून फ्लॅश मारणाऱ्यांनी हे एकदा वहीत लिहून काढावं.

यात्रेत बाराबंदीतल्या (बंदांच्या पांढऱ्या अंगरख्यातल्या) लोकांचे फोटो फ्लॅशनं काळपट येतात. असं उलटं का?

उलटं नाही, तेच आहे. नंदीध्वज धरणारे, सोबतचे मानकरी, सगळे पांढऱ्या बाराबंदीत. पांढऱ्यावरून चमक भरपूर परत येते, कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला, तो फ्लॅश कमी करतो. चेहरे अंडर जातात. इथे फ्लॅश कॉम्पेन्सेशन +२/३ ते +१. काळ्या सुटातल्या नवरदेवाला −२/३.

जरीचा शालू आणि आरशांची चोळी याहून कठीण, कारण एखादा आरसा चमक सरळ लेन्समध्ये फेकतो आणि मीटर फसतो. ज्या बॉडीत फ्लॅशचा लॉक आहे तिथे चेहऱ्यावर मोजून लॉक करा, मग फ्रेम घ्या. नसेल तर फ्लॅश एमवर टाका आणि अंतर बदलू नका. स्टेजवर जोडपं एकाच जागी बसलेलं असताना मी एमच वापरतो. टीटीएलला प्रत्येक साडीबरोबर नवं मत फुटतं.

ग्रुप फोटोत पुढची रांग ओव्हर, मागची अंडर.

मागे व्हा. पुढची रांग २.५ मीटरवर आणि मागची ४ मीटरवर असेल, तर मागच्यांना पुढच्यांच्या जेमतेम ४० टक्के उजेड मिळतो. तुम्ही आणखी २.५ मीटर मागे गेलात की तोच आकडा ६० टक्क्यांजवळ येतो. आयएसओ वाढवा, झूम करा. पाहुणे दाटीवाटीनं उभे राहिले तर अजून बरं, पण ते आपल्या हातात नाही.

फ्लॅश वर छताकडे वळवून बाउन्स केला तर चेहरे पिवळे-लाल येतात.

वर काय आहे ते बघा. कार्यालयाचं पांढरं छत असेल तर बाउन्ससारखं सुख नाही. लाल-केशरी कापडाचा मांडव असेल तर तो रंग चेहऱ्यावर उतरणारच. तिथे समोरून, डिफ्यूझर लावून, कमी ताकदीनं मारा.

फोटोच्या खालच्या बाजूला अर्धगोल काळी सावली येते.

लेन्सचा हूड काढा. तरी आली तर लेन्सच लांब आहे आणि बॉडीवरचा फ्लॅश तिच्यावरून पलीकडे जात नाहीये. थोडं झूम करा.

फोटोत काळा पट्टा येतो, कधी अर्धी फ्रेमच काळी.

शटर फ्लॅशच्या मर्यादेपुढे गेलंय. १५००डी, डी३५००, डी५६०० यांची मर्यादा १/२००, डी७२०० ची १/२५०. त्यापुढे शटरचे दोन पडदे एकाच वेळी पूर्ण उघडे नसतात, फटीतून सेन्सर उजळतो. बॉडीवरचा फ्लॅश असेल तर कॅमेरा स्वतःच अडवतो. पण फ्लॅश दुरून पेटवणारा साधा रेडिओ ट्रिगर लावला की फ्लॅश जोडलाय हेच त्याला कळत नाही. उन्हात हळदीचे फोटो काढताना हे हमखास होतं. हाय स्पीड सिंक, म्हणजे या मर्यादेपुढेही चालण्याची सोय, असलेला फ्लॅश आणि ट्रिगर वापरा, पण त्यात फ्लॅशची ताकद बरीच घटते, त्यामुळे जवळ जा.

फ्लॅश नसतानाही फिकट-गडद पट्टे येत असतील तर ते एलईडी दिव्यांचे. आपली वीज ५० हर्ट्झ, दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. एलईडी वॉलचं तंत्र वेगळं, तिथे शटर थोडं-थोडं बदलत पट्टे जातात का बघावं लागतं.

नवीन फ्लॅश घेतला. टेस्टचं बटण दाबलं की पेटतो, कॅमेऱ्यावर पेटत नाही.

कॅमेरा कुठला? कॅनन १५००डी, ३०००डी किंवा २००डी मार्क दोन असेल तर बॉडीच्या वरच्या खाचेत बघा. मध्यभागी जो मोठा गोल संपर्क असायचा, तो या मॉडेल्समध्ये कंपनीनं काढून टाकलाय. एकाच पिनेचे स्वस्त फ्लॅश आणि ट्रिगर त्याच गोलावर चालतात, म्हणून ते इथे पेटत नाहीत. कॅननच्या पिनांशी बोलणारा टीटीएल फ्लॅश किंवा ट्रिगर लागतो. एक मुलगा पहिल्या ऑर्डरच्या आदल्या रात्री हे घेऊन आला होता. त्याला आमचा ट्रिगर दिला, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. घेण्याआधी स्वतःच्या बॉडीवर लावून बघा, डब्यावरचं "सर्व कॅमेऱ्यांसाठी" वाचून नाही.

मिररलेस असेल तर सायलेंट शटर बंद आहे ना ते बघा, ते चालू असलं की फ्लॅश सहसा पेटत नाही. आणि वडिलांच्या कपाटातला फिल्मच्या काळातला फ्लॅश डिजिटलवर चढवू नका. काहींच्या संपर्कावर २०० व्होल्टच्या वर दाब असतो, बॉडीचं सर्किट जाऊ शकतं.

पहिले दहा फोटो चांगले, नंतर एक उजळ एक अंधारा.

सेल. भिंतीवरच्या घड्याळाचे सेल फ्लॅशला घालू नका. चांगले रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइडचे चार पेन्सिल सेल, एकाच कंपनीचे, एकाच दिवशी चार्ज केलेले. त्यांवर १.२ व्होल्ट लिहिलेलं बघून लोक घाबरतात, पण ते फ्लॅशला झपाट्यानं भरतात. तयार असल्याचा दिवा लागेपर्यंत थांबा. एप्रिल-मेच्या दुपारी ओळीनं पूर्ण ताकदीचे शॉट मारले तर फ्लॅश तापून स्वतःच थांबतो. त्याला सावलीत दहा मिनिटं द्या.

मिररलेसवर एम मोडला फ्लॅश लावला की स्क्रीनच काळी दिसते. फोकस कुठे करू?

स्क्रीन तुमच्या सेटिंगचा फोटो आधीच दाखवतेय, तिला फ्लॅशचा उजेड माहीत नाही. मेनूतली एक्सपोजर आधी दाखवण्याची सोय बंद करा. नाव प्रत्येक कंपनीचं वेगळं, पण ते डिस्प्ले किंवा लाइव्ह व्ह्यूच्या आसपास सापडतं.

बाळे इथल्या खंडोबाला काढलेल्या फोटोंत गोल-गोल ठिपके आलेत. घरचे म्हणतात देवाचा चमत्कार.

घरच्यांशी वाद घालायला मी सांगणार नाही. भंडारा उधळला की त्याचे कण लेन्सच्या अगदी जवळ तरंगतात. जवळ असल्यानं फ्लॅश त्यांना सगळ्यांत जास्त उजळतो आणि फोकस मागे असल्यानं ते फुगून गोल दिसतात. फ्लॅश बंद करून दिवसाच्या तिरप्या उन्हात काढा, पिवळा धुरळा फार सुंदर दिसतो. त्या दिवशी लेन्स मात्र बदलू नका. भंडारा सेन्सरवर चिकटतो. आणि घरी आल्यावर लेन्सच्या काचेवर आधी ब्लोअर, मग कापड. उलट केलंत तर काचेवर पॉलिश पेपर फिरवल्यासारखं होईल.

मग दुरुस्तीला कधी न्यायचा?

लेन्स पडल्यानंतर फोकस करताना दाणे भरडल्यासारखा आवाज येत असेल तर. दुसरी लेन्स लावल्यावरही तीच तक्रार राहिली तर, म्हणजे दोष बॉडीत. पिना पुसूनही लेन्स ओळखली जात नसेल तर. शेंगदाण्यांच्या परीक्षेत दहाही वेळा एकाच बाजूला चुकत असेल तर ते दहा फोटो कार्डवर ठेवूनच या, सांगण्यापेक्षा दाखवलेलं लवकर कळतं. फ्लॅश भरताना करपल्याचा वास आला तर सेल काढा आणि स्वतः उघडू नका. बंद असतानाही आतला कपॅसिटर जोरदार झटका देतो, माझ्या भावाच्या डाव्या अंगठ्यावर अजून खूण आहे.